आरोग्य संस्थेत निधी उभारणीची इंटर्नशिप: पहिल्या अर्जापासून शेवटच्या पावतीपर्यंत

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आलं आणि बीएमएस, मास मीडिया, बी.कॉम., एमएसडब्ल्यू करणाऱ्या मुलांची विचारणा वाढली: रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेत निधी उभारणी आणि मार्केटिंगची इंटर्नशिप करायची आहे, सुरुवात कुठून करू? मी परळमध्ये कॅन्सर रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत इंटर्न म्हणून शिकले आणि पुढे तिथेच नव्या मुलांना काम शिकवलं. खालची माहिती मुख्यतः मुंबई-पुण्याच्या अनुभवावर बेतलेली आहे. कायदे मात्र बहुतेक देशभर लागू आहेत, त्यामुळे नागपूर, नाशिक किंवा पणजीतही ती उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. या कामात पैसे मागण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या कितीतरी पट वेळ आलेल्या पैशाचं उत्तर देण्यात जातो. कुणी दिले, कशासाठी दिले, पावती गेली का, रुग्णापर्यंत काय पोहोचलं. हे उत्तर देण्याची गोडी ज्याला लागते त्याला इथे खूप शिकता येतं.

१. आधी कामाचा प्रकार ओळखा

‘फंडरेझिंग इंटर्न’ या एकाच नावाखाली वेगवेगळी कामं येतात. वैयक्तिक देणगीदारांशी फोन, पत्र, व्हॉट्सॲपवरून संपर्क ठेवणं हे एक. कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठी, म्हणजे कायद्यानुसार सामाजिक कामावर खर्चायच्या रकमेसाठी, प्रस्ताव आणि अहवाल तयार करणं हे दुसरं. मॅरेथॉन, संगीताचा कार्यक्रम, शाळांमधल्या मोहिमा हे तिसरं. सोशल मीडिया, वेबसाइट, ईमेल हे चौथं. लहान संस्थेत चारही कामं एकाच टेबलावर होतात आणि शिकायला तीच जागा चांगली.

पाचवा प्रकारही आहे, आणि त्यापासून लांब राहा असं मी स्पष्ट सांगेन. ऑनलाइन जाहिरात येते, मुलाखत नाममात्र होते, तुमच्या नावाची लिंक तयार होते आणि आठवड्याभरात अमुक हजार रुपये जमवा म्हणून टार्गेट मिळतं. जमले तर सर्टिफिकेट, वर काही टक्के तुमचे. यात मुलं मावशी, काका, शाळेतले मित्र यांच्याकडून पैसे घेतात आणि ते पैसे कुठल्या रुग्णासाठी गेले हे त्यांना कधीच कळत नाही. ओळखायच्या खुणा अशा: ऑफिसचा पत्ता नाही, काम शिकवणारी नेमकी व्यक्ती कोण ते सांगत नाहीत, प्रशिक्षणाआधी लिंक हातात येते, किंवा नोंदणी फी मागतात. शिकायला आलेल्या विद्यार्थ्याकडून फी घेणाऱ्या संस्थेचा फोन तिथेच ठेवा.

२. संस्था तपासून घ्या

अर्ज करण्याआधी अर्धा तास यासाठी काढा.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची नोंदणी १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी क्रमांकाआधी बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षर असतं. काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेल्या असतात, त्यातही काही गैर नाही. क्रमांक लेटरहेडवर आणि वेबसाइटवर असायला हवा. आयकरातून सूट देणारी ८०जी मान्यता चालू आहे का, हे आयकर विभागाच्या पोर्टलवर पाहता येतं. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरही बहुतेक संस्था सापडतात. सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी सक्तीची आहे.

मग मागच्या वर्षाचा वार्षिक अहवाल वाचा. फोटो बाजूला ठेवून जमाखर्चाचं पान उघडा: पैसा कुठून येतो, कशावर खर्च होतो. मुलाखतीत याच पानावरचा एखादा प्रश्न विचारलात तर समोरच्या माणसाची तुमच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

कुठे शोधायचं? परळला टाटा मेमोरियल, केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत, आणि त्यांच्या आसपास रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांचं जाळं आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून काम करते. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या मोफत निवासाची सोय करणारी सेंट ज्यूड २००६ साली मुंबईत सुरू झाली. पुण्यात व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण, गोव्यात मानसिक आरोग्यासाठी संगत, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च. ही नावं क्षेत्राचा अंदाज यावा म्हणून दिली आहेत. कुणाकडे कधी इंटर्न घेतात ते त्या-त्या संस्थेला थेट विचारा. आणि तुमच्या तालुक्यातला छोटा डायलिसिस ट्रस्ट किंवा रक्तपेढी विसरू नका. तिथे मराठीत नीट लिहिणाऱ्या माणसाची फार गरज असते.

३. कागदपत्रं जमवा

– महाविद्यालयाचं शिफारसपत्र. त्यावर कालावधी, तास आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचं नाव हवं. चार क्रेडिटसाठी साधारण १२० तास लागतात, पण तुमच्या महाविद्यालयाचं परिपत्रक पाहूनच आकडा लिहा.
– एक पानाचा बायोडेटा.
– ओळखपत्र आणि आधारची प्रत.
– स्टायपेंड असेल तर पॅन आणि बँक पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत.
– वय १८ पूर्ण नसेल तर पालकांचं संमतीपत्र.
– लिखाणाचे दोन-तीन नमुने: एक मराठी, एक इंग्रजी, जमल्यास एक हिंदी.
– स्वतःचा लॅपटॉप लागेल का ते आधी विचारा. बऱ्याच संस्थांमध्ये लागतो.

रुजू होताना संस्था गोपनीयतेच्या करारावर सही घेईल. तो पूर्ण वाचा. ज्या आरोग्य संस्थेत असा करार नाही, तिथे तो मागून घ्या. तो तुमच्याही संरक्षणासाठी असतो.

४. अर्ज आणि मुलाखत

ईमेल दहा ओळींत संपवा. तुम्ही कोण, कधीपासून कधीपर्यंत येऊ शकता, आठवड्याचे किती दिवस, आणि त्या संस्थेच्या कुठल्या कामामुळे अर्ज करताय. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी ‘एक्सेलमध्ये फिल्टर आणि व्ही-लुकअप येतं, मराठी टायपिंग येतं, फोनवर बोलायला संकोच वाटत नाही’ असं लिहा.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: मला रोज कोण काम देणार? देणगीचं टार्गेट आहे का? प्रवासखर्च मिळतो का? वॉर्डात जावं लागेल का? हे प्रश्न विचारण्यात काहीच उद्धटपणा नाही. कल्याण-परळ रोजचा लोकलचा पास, जेवण आणि वर बिनपगारी काम हे सगळ्यांना परवडत नाही. जिथे निदान प्रवासखर्च देतात तिथे आधी अर्ज करा.

५. पहिला आठवडा: एका देणगीचा प्रवास शिका

कुठलीही पोस्ट बनवायच्या आधी अकाउंट्समध्ये बसा. एक देणगी घ्या आणि ती आल्यापासून पावती जाईपर्यंत तिच्यामागे चालत जा. माझ्या मते या इंटर्नशिपमधली सर्वांत मोलाची शिकवण हीच.

यूपीआयनं पैसे आले की बँकेच्या स्टेटमेंटमध्ये एक लांबलचक क्रमांक आणि कधी अर्धवट नाव दिसतं. देणगीदार कोण, त्यांचा पॅन काय, पत्ता काय, पैसे कशासाठी दिले, यातलं काहीच नसतं. देणगीदारानं व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवलेला असतो, तोही दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर. या दोन टोकांची गाठ घालणं हे इंटर्नचं नेहमीचं काम आहे. ते कंटाळवाणं वाटू देऊ नका. ही गाठ पडली नाही तर पावती जात नाही, आणि संस्थेसाठी ती देणगी निनावी ठरू शकते. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यावर ३० टक्के कर लागतो.

लक्षात ठेवायच्या गोष्टी:

स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही. बँकेत दिसल्याशिवाय पावती करू नका.

रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर देणगीदाराला ८०जीची सूट मिळत नाही. कार्यक्रमात कुणी पाचशेच्या नोटांचं बंडल काढलं तर हे नम्रपणे आधी सांगा आणि चेक किंवा यूपीआय सुचवा. औषधं, धान्य, व्हीलचेअर अशा वस्तूरूप देणगीवरही ही सूट नाही. वस्तूंची पोच वेगळी द्यायची.

‘देणगीवर ५० टक्के करमाफी’ असं पत्रकात छापलेलं दिसतं. त्यातून लोकांचा समज होतो की दहा हजार दिले की पाच हजार परत. तसं नाही. निम्मी रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाशी निगडित मर्यादेत. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा दहा हजारांवर साधारण दीड हजारांचा कर वाचतो. आणि जुनी करप्रणाली निवडली तरच. नव्या करप्रणालीत ही सूट मिळत नाही. कराच्या आशेनं दिलेल्या आणि नंतर निराश झालेल्या देणगीदाराचा फोन संस्थेला पुढची काही वर्षं महाग पडतो, म्हणून हे आधीच नीट सांगा.

संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचं विवरण १०बीडी या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि त्यातून प्रत्येक देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. पॅनमधला एक आकडा चुकला तर प्रमाणपत्र चुकीचं निघतं. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात. ऑफिसात सगळे ‘एटी-जी’च म्हणत राहतील, पण पत्रकावर क्रमांक छापण्याआधी हिशेबनीसांना विचारा.

सर्वांत महत्त्वाचं: देणगी स्वतःच्या गूगल पे किंवा फोनपेवर कधीही घेऊ नका. ‘तू घे आणि मग पुढे दे’ असं आत्या म्हणाली तरी नाही. संस्थेचा क्यूआर कोड, संस्थेचं खातं, संस्थेची पावती.

६. परदेशातला देणगीदार

मराठी मुलांच्या हातून हा गोंधळ हमखास होऊ शकतो, कारण आपल्यापैकी अनेकांचं कुणी ना कुणी न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असतं. मोहिमेची लिंक चुलतभावाला जाते, तो ती तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकतो आणि पैसे येऊ लागतात.

परदेशी देणगीसाठी संस्थेकडे एफसीआरए म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या विशेष खात्यातच यावे लागतात. इथे पासपोर्ट महत्त्वाचा ठरतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयानं स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गानं दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. अमेरिकन पासपोर्ट घेतलेल्या, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) असलेल्या भावाची देणगी परदेशी धरली जाते. त्यानं इथल्या बँकेतून रुपयांत दिली तरीही. संस्थेकडे एफसीआरए नसेल तर त्याची देणगी घेता येत नाही. म्हणून लिंक पाठवण्याआधी विचारा, आणि देणगीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना आहे ना ते पहा.

७. देणगीदाराशी बोलणं

पहिल्याच दिवशी नवीन लोकांना फोन लावू नका. आधीच्या देणगीदारांना आभाराचे फोन करा. त्यात काही मागायचं नाही. ‘नमस्कार, मी अमुक संस्थेतून बोलतेय. मार्चमध्ये तुम्ही दिलेली देणगी पोषण आहाराच्या खर्चात वापरली गेली, पावती मिळाली का हे विचारायला फोन केला.’ बस्स. समोरचा माणूस क्षणभर थांबतो, कारण मागण्यासाठी न आलेला फोन त्याला अपेक्षित नसतो. मग तो स्वतःहून बोलतो: आईला कॅन्सर होता, टाटाला सहा महिने फेऱ्या मारल्या, गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो. ऐका. घाई करू नका.

पहिल्या फोनवर आडनावाला ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ जोडा. त्यांनी ‘अगं काकू म्हण’ म्हटलं तर मग काकू. दुपारी दोन ते चार ज्येष्ठ मंडळींना फोन नको. ‘पुन्हा फोन करू नका’ म्हणाले तर लगेच नोंद करा आणि ती पाळा.

मराठी माणूस देणगी का देतो, हे या फोनांतून कळतं. आईवडिलांच्या पुण्यतिथीला, वर्षश्राद्धाला, पितृपक्षात, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला, निवृत्तीला, साठीशांतीच्या आहेराऐवजी. मार्चअखेरीस कर वाचवायला देणारेही आहेत, पण स्मृतिप्रीत्यर्थ देणारे वर्षानुवर्षं त्याच तारखेला देतात. म्हणून एक्सेलमध्ये ‘तिथी/तारीख’ आणि ‘कुणाच्या स्मरणार्थ’ असे दोन रकाने ठेवा. तारखेच्या आठ दिवस आधी केलेला एक फोन शंभर अनोळखी मेसेजांपेक्षा उपयोगी ठरतो. पावतीवर ‘कै.’ आणि नाव बिनचूक लिहा. त्या नावासाठीच ती देणगी आलेली असते.

दोन प्रश्न प्रत्येक इंटर्नला विचारले जातात. पहिला: ‘सरकारी योजना असताना पैसे कशाला?’ महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हे तुम्हाला माहीत हवं. पण योजना रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांचा खर्च उचलते. जळगावहून आलेल्या कुटुंबाचं मुंबईतलं राहणं, महिनोन्‌महिन्यांचा प्रवास, बुडालेली मजुरी, केमोच्या काळातला आहार हा खर्च बराचसा घरच्यांवर पडतो. संस्था नेमकं यातलं काय भरते, ते सांगा.

दुसरा: ‘यातले किती रुग्णापर्यंत जातात?’ याचं उत्तर अंदाजानं देऊ नका. अकाउंट्समधून मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित आकडा घ्या आणि तोच सांगा. ऑफिसचं भाडं, समाजसेवकांचा पगार हे लपवायचे खर्च नाहीत. भाषेची अडचण असलेल्या रुग्णाला योग्य खिडकीपर्यंत नेणारा माणूस पगारावरच उभा असतो.

८. रुग्णाची गोष्ट सांगताना

मार्केटिंगला आलेल्या मुलांना रील बनवायची घाई असते. इथे थांबा. या एका पायरीवर मी सर्वांत कडक आहे.

मोफत उपचार किंवा निवास मिळालेल्या माणसाला ‘फोटो काढू का?’ विचारलं तर तो जवळजवळ नेहमी हो म्हणतो. नाही म्हटलं तर मदत थांबेल अशी भीती त्याला असते, बोलून दाखवत नाही एवढंच. म्हणून संमती घेणारी व्यक्ती ही मदत मंजूर करणारी नसावी, आणि ‘नाही म्हणालात तरी मदतीत काही फरक पडणार नाही’ हे वाक्य मोठ्यानं, त्यांच्या भाषेत सांगायला हवं. परळला येणारे रुग्ण बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातूनही येतात. मराठी-इंग्रजी फॉर्मवर घेतलेल्या अंगठ्याला संमती म्हणता येत नाही.

संमती तुकड्यातुकड्यानं विचारा. वार्षिक अहवालात चालेल, इन्स्टाग्रामवर चालेल का? चेहरा चालेल, गावाचं नाव चालेल का? आज चालेल, पाच वर्षांनी काढून टाका म्हणालात तर कुणाला फोन करायचा, तो नंबर त्यांच्याकडे लिहून द्या.

हे सगळं कशासाठी? कॅन्सर, टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार यांबद्दल गावात आजही कुजबुज होते. बहिणीचं लग्न अडतं, नोकरी जाते. एचआयव्हीबाबतची गोपनीयता २०१७च्या कायद्यानं सक्तीची आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. १८ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत पालकांची लेखी संमती हवीच, पण मुलालाही विचारा. सात वर्षांची मुलगी केस गेलेल्या फोटोला नको म्हणाली तर विषय संपला, आईनं सही केली असली तरी.

फोटो पाठवण्याआधी तो मोठा करून पहा: मागच्या खाटेवरचा दुसरा रुग्ण, हातातल्या पट्टीवरचं नाव, केस पेपरचा क्रमांक, भिंतीवरची यादी. सर्दी-खोकला असेल तर वॉर्डात जाऊच नका. केमो चालू असलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते.

आणि एक नियम भिंतीवर लावून ठेवा. जुना फोटो पुन्हा वापरण्याआधी समाजसेवकाला विचारायचं की हे मूल आज कसं आहे. मूल गेलं असेल आणि त्याच्या हसऱ्या फोटोसह देणगीचं आवाहन आईच्या फोनवर पोहोचलं, तर त्या घराला काय वाटेल याचा विचार करा.

चेहऱ्याशिवायही गोष्ट सांगता येते. मुलानं काढलेलं चित्र, स्वयंपाकघरात रांगेनं लावलेले डबे, गावाहून आणलेली पिशवी, आईचे फक्त हात. नाव बदललं असेल तर तसं लिहा. आणि एकाच रुग्णासाठी पैसे मागत असाल तर गरजेपेक्षा जास्त आले तर काय होईल, हे मोहिमेच्या पानावर आधीच लिहा. देणगीदाराला नंतर कळवण्यापेक्षा आधी सांगणं केव्हाही चांगलं.

९. प्रचाराचं साहित्य तयार करताना

कॅलेंडरपासून सुरुवात करा. ४ फेब्रुवारी जागतिक कर्करोग दिन, २४ मार्च क्षयरोग दिन, ३ ऑगस्ट भारतीय अवयवदान दिन, सप्टेंबर बालकर्करोग जागृती महिना, १० ऑक्टोबर मानसिक आरोग्य दिन, १४ नोव्हेंबर मधुमेह दिन, १ डिसेंबर एड्स दिन. २ ते ८ ऑक्टोबरचा दानउत्सव, म्हणजे देशभर साजरा होणारा दानाचा सप्ताह, २००९ पासून होतो, त्याची तयारी ऑगस्टमध्ये सुरू व्हायला हवी. पण प्रत्येक दिनाला पोस्ट टाकायची गरज नाही. तुमच्या संस्थेच्या कामाशी संबंध असलेले मोजके दिन निवडा आणि त्यांवर नीट काम करा.

वैद्यकीय मजकूर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका, मग तो चार ओळींचा असो. १९५४च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्यानुसार कॅन्सर, मधुमेह अशा अनेक आजारांवर औषधानं बरं करण्याच्या जाहिराती करता येत नाहीत. त्यामुळे कुठल्याशा काढ्याच्या उत्पादकानं प्रायोजक व्हायची तयारी दाखवली तर आधी विश्वस्तांना विचारा. तंबाखू कंपन्या आणि कॅन्सर संस्था, बाळाच्या डब्यातल्या दुधाच्या कंपन्या आणि बालआरोग्य संस्था, या जोड्यांबाबतही तेच. डब्यातल्या दुधाच्या जाहिरातीवर १९९२च्या कायद्यानं बंदी आहे.

साधनं: कॅनव्हा आणि गूगलच्या सेवाभावी संस्थांसाठीच्या मोफत योजना आहेत. पात्र संस्थेला गूगल दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती मोफत देतं. अनेक छोट्या संस्थांनी त्यासाठी अर्जच केलेला नसतो. तो अर्ज पूर्ण करून दिलात तर तुम्ही गेल्यावरही तुमचं काम चालू राहील. साध्या व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबरांची मर्यादा आहे आणि ज्यांनी संस्थेचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोहोचतो. म्हणून पावतीसोबत ‘हा नंबर सेव्ह करा’ अशी ओळ टाका.

१०. मॅरेथॉन आणि कार्यक्रम

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीत होते आणि संस्थांसाठी निधी उभारणीचा तो मोठा दिवस असतो. संस्था आधी नोंदणी करतात, धावणारे आपापल्या ओळखीत त्या संस्थेसाठी पैसे जमवतात. इंटर्नचं काम सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरू होतं: धावणाऱ्यांना त्यांचं पान बनवायला मदत, कंपन्यांच्या टीमशी पत्रव्यवहार, टी-शर्टांचे माप. प्रत्यक्ष दिवशी पहाटे चारला घरातून निघावं लागतं. रविवारच्या मेगाब्लॉकची चौकशी आदल्या दिवशी करा. कार्यक्रमाच्या टेबलावर नेहमी दोघांनी बसायचं, आणि दानपेटी दोघांच्या सहीनंच उघडायची.

११. सीएसआरचा प्रस्ताव

कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. आरोग्य हा त्यातला मान्य विषय आहे. इंटर्नला प्रस्ताव एकट्यानं लिहायला सहसा देत नाहीत. आकडे गोळा करणं, जुने अहवाल वाचणं, कंपनीच्या वेबसाइटवरचं सीएसआर धोरण आणि तिचा जिल्हा पाहणं हे काम येतं. कंपनी फक्त रायगडात काम करत असेल तर तिला नांदेडचा प्रस्ताव पाठवू नका. ‘जनजागृती करू’ असं मोघम लिहिण्यापेक्षा किती शिबिरं, किती तपासण्या, तपासणीत काही सापडलं तर पुढे कुठे पाठवणार, हे लिहा. यातला शेवटचा मुद्दा बहुतेक प्रस्तावांत नसतो आणि चांगला सीएसआर अधिकारी नेमका तोच विचारतो.

१२. निघताना

शेवटचे चार दिवस हस्तांतरणासाठी राखून ठेवा. कुठल्या देणगीदाराला काय कबूल केलं आहे, कुणाची पावती अडली आहे, कुणाची पुण्यतिथी जवळ आली आहे, याची यादी पुढच्या इंटर्नसाठी मराठीत लिहा. सोशल मीडियाचे पासवर्ड बदलायला सांगा. स्वतःच्या फोनमधले रुग्णांचे फोटो, देणगीदारांचे नंबर आणि पॅनचे स्क्रीनशॉट काढून टाका, गूगल फोटोज आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधलेही.

प्रमाणपत्रावर तुमचे तास, कामाचं स्वरूप आणि मार्गदर्शकांची सही आहे ना ते ऑफिसात असतानाच पहा. महाविद्यालयाला लागणारी हजेरीची वही दर आठवड्याला सही करून घेतलेली बरी. ट्रस्टी महिन्यातून एकदाच येतात अशा संस्थेत शेवटच्या दिवशी सही मिळत नाही. बायोडेटात ‘इतके लाख जमवले’ असं लिहिण्याआधी तो आकडा संस्थेकडून तपासून घ्या. देणगीदारांची किंवा रुग्णांची नावं पोर्टफोलिओत येऊ देऊ नका. त्याऐवजी तुम्ही लिहिलेलं एखादं आभारपत्र, नाव-पत्ता काढून आणि संस्थेची परवानगी घेऊन ठेवा.